चहाची पुडी लहान होत गेली

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हे, म्हणजे माझे यजमान, आफ्रिकेतून पहिल्यांदा सुट्टीवर आले. पेटीत माझ्यासाठी एक गडद निळं कापड होतं आणि सासूबाईंसाठी चहा. पानं इतकी घट्ट वळलेली की हातात घेतल्यावर छऱ्यांसारखी खुळखुळत. मी नेहमीसारखं आलं ठेचून घातलं, दूध-साखर घातली आणि चांगला उकळला. सासूबाईंनी एक घोट घेतला नि बशी सरकवून दिली.

"हा काय चहा व्हय? निंबाचा काढा हाय हा. मले काय ताप आला काय?"

हे हसत सुटले. मग स्वतः उठले, दुसरा चहा बिनदुधाचा केला, खूप साखर घातली आणि उंचावरून पेल्यात ओतला. त्याला फेस आला. सासूबाईंनी तोही प्यायला नाही, पण मुलगा स्वयंपाकघरात उभा राहून चहा करतोय ह्याचं त्यांना नवल वाटलं. शेजारणीला बोलावून त्यांनी ते दाखवलं.

हे अकोटचे. घरची काळी जमीन होती, ती धाकट्या दिरांनी सांभाळली. ह्यांचा जीव यंत्रांत. अकोटात कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या भोंग्यावर लोक घड्याळ लावायचे त्या काळात हे वाढले, शिकून फिटर झाले आणि लग्नाआधीपासूनच अकोल्यात बिऱ्हाड करून होते. आफ्रिकेतल्या माली देशात कापूस होतो. तिथल्या जिनिंगला आपल्याकडची यंत्रं गेली आणि ती बसवायला माणसंही गेली, त्यांत हे. मी अमरावतीच्या शाळामास्तरांची मुलगी, स्वतः भूगोल शिकवणारी. तरी माली कुठे आहे ते पाहायला मला नकाशा उघडावा लागला. पश्चिम आफ्रिकेत, चारी बाजूंनी जमीन, समुद्र कुठेच नाही.

एका हंगामासाठी गेले होते. हंगाम संपला तेव्हा राजधानीतल्या एका व्यापाऱ्याने निरोप धाडला, की चहा भरायचं यंत्र बंद पडलंय, जाता जाता बघून जा. तो व्यापारी आपल्याच देशाचा, चीनमधून चहा मागवायचा. काम चार दिवसांचं होतं. पुढची सगळी नोकरी ह्यांनी त्याच्याच शेडमध्ये केली.

त्या देशात चहा म्हणावा तसा पिकत नाही, पण पितात किती ते विचारू नका. हे सांगायचे, "आपल्याइकडे पावना आला का चहा ठेवतेत. तिकडं चहा ठेवला का पावने येतेत." प्रत्येक झाडाखाली कोळशाची लहानशी शेगडी, तीवर चिमुकली किटली, भोवती माणसं बसलेली. एकाच पानांचा तीनदा चहा होतो. पहिला कडू, पुढचे हळूहळू गोड. तीन फेऱ्या होईपर्यंत कोणी उठत नाही. सगळा चहा चीनहून बोटीने डाकारच्या बंदरात उतरायचा. ते बंदर शेजारच्या देशात. तिथून आगगाडीने आत यायचा. मोठी खोकी शेडमध्ये फुटायची, यंत्र मापून पुड्या भरायचं आणि बायका त्या चिकटवून गठ्ठे बांधायच्या.

सुरुवातीची वर्षं भरभराटीची होती. दरवर्षी आधीच्यापेक्षा जास्त खोकी उतरत. जिनिंगच्या दुरुस्तीला हे पूर्वी ज्या खेड्यांत जात, तिथे तेव्हा चहा फक्त म्हाताऱ्या पुरुषांपुढे यायचा. पुढे त्याच खेड्यांत पोरंसोरंही शेगडी मांडून बसलेली दिसायला लागली. त्या काळातली पुडी पाव किलोची होती. पिवळा कागद, त्यावर उंट.

मग पुडी लहान झाली. प्रत्येक सुट्टीत हे एक पुडी आणायचे आणि मी ती जुन्या पुडीशेजारी कपाटात ठेवायची. एकदा मी म्हटलं, "ही किती छान आहे, नाजूक. नवी फॅशन आली का?"

"फॅशन नाई वं. मोठी पुडी घेनं लोकाइले जमून नाई राहिलं. तलफ तेवढीच हाय, हात आखडला. मग शेठ म्हनते, माप कमी कर. मी कमी करतो."

माप कमी करणं म्हणजे यंत्राचा एक बोल्ट फिरवणं. दर दोन-तीन वर्षांनी तो ह्यांनाच फिरवावा लागे. आगगाडी आधी उशिरा धावायला लागली, मग बंदच पडली. चहा ट्रकवर आला. ट्रकचा माल गाडीच्या मालापेक्षा महाग, म्हणून पुडी पुन्हा लहान. पाव किलोची निम्मी झाली, निम्म्याचीही निम्मी झाली. शेवटी कपाटात काडेपेटीपेक्षा थोडीशीच मोठी पुडी येऊन बसली. उंटही लहान होत गेला होता; त्याचे पाय दिसेनात.

एका थंडीत शेंदूरजनाघाटच्या नातेवाइकांनी संत्र्यांची पेटी पाठवली होती. ओसरीवर बसून संत्री सोलता सोलता ह्यांनी मला त्या देशातल्या चहाच्या मळ्याची गोष्ट सांगितली. दक्षिणेकडे पाऊस बरा पडतो, तिथे पूर्वी कधी चिनी लोकांच्या मदतीने चहा लावला होता. आपल्या मातीतला आपला चहा, म्हणून लोकांना त्याचं कौतुक होतं. हे एका कामासाठी तिकडे गेले असताना मुद्दाम वाट वाकडी करून बघून आले. तो चहा देशाच्या तहानेला कधी पुरलाच नाही. ह्यांनी पाहिलं तिथे झुडपं माणसापेक्षा उंच वाढली होती, आणि चहाचं झुडूप एकदा उंच गेलं की त्याची पानं खुडायला कोणी जात नाही. "फुलं आली होती त्याईले," हे म्हणाले. "पांढरी. चहाले फूल येते हे मले ठाऊकच नोतं." खिशातून आणलेलं एक सुकलेलं फूल त्यांनी सासूबाईंच्या हातावर ठेवलं. सासूबाईंनी ते देवापुढे वाहिलं.

पुढे सासूबाईंना लकवा झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. आम्हाला मूल नव्हतं. शाळा, त्यांचं जेवणखाण, त्यांची कूस बदलणं, असे माझे दिवस जात होते. ह्यांचा फोन रविवारी यायचा. सासूबाईंच्या कानाशी मी फोन धरायची आणि त्या एकच प्रश्न विचारायच्या, "बोट आली काय रे?"

बोट आली असेल तर मुलाच्या हाताला काम आहे, एवढं त्यांना कळलं होतं. अकोल्याच्या त्या खोलीत पडल्या पडल्या त्या डाकारच्या बंदराची काळजी करायच्या. आली म्हटलं की "बरं झालं" म्हणून डोळे मिटत. नाही आली म्हटलं की दिवसभर जेवण नीट जायचं नाही. एका उन्हाळ्यात त्या गेल्या. ह्यांना विमान वेळेवर मिळालं नाही. आले ते थेट अस्थी घेऊन जायलाच.

त्यानंतर मी शाळा सोडली आणि ह्यांच्याबरोबर गेले. इतकी वर्षं मी सुट्टीतलं माणूस पाहिलं होतं, रोजचं पाहिलंच नव्हतं.

उतरले तेव्हा ऊन अकोल्याचंच होतं. माती मात्र तांबडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कडुनिंब बघून मला रडूच आलं. हे म्हणाले, "काहून रडून राहिली? निंबच त हाय." बाजारात ज्वारीचे ढीग होते, आंबाडीच्या लाल बोंडांचे होते, त्यांचं ते सरबत करतात. भाषा सोडली तर मला परकं वाटावं असं फार थोडं होतं.

ह्यांचे तिथे खरे मित्र असे एकच. डाकारहून चहा आणणारा ट्रक ड्रायव्हर. धिप्पाड माणूस, हसला की सगळं अंग हलायचं. तो ह्यांना भेटला की आधी ओरडायचा, "चवळी खाणारा आला!" तिथे जवळच्या माणसाला असंच चिडवतात. हेही उलट तेच म्हणायचे. त्याची बायको आमच्याच शेडमध्ये पुड्या चिकटवायची. उंच, सावकाश बोलणारी. माझा हात धरून तिने मला पहिले शब्द शिकवले: पाणी, मीठ, ये, बस. त्यांचा मोठा मुलगा ट्रकच्या गॅरेजात कामाला होता आणि मुलगी शिकत होती.

संध्याकाळी त्यांच्या दारातल्या निंबाखाली आम्ही चटईवर बसायचो. चहा ड्रायव्हर स्वतः करायचा. दुसऱ्या कोणाला किटलीला हात लावू द्यायचा नाही. "हजार मैल पाठीमागे घेऊन आलोय, आता उकळायचा मान माझा," म्हणायचा. एका पेल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, ओतत राहायचा. घाई कसलीच नाही. बायका आंबाडीची पानं खुडत बसायच्या, पुरुष रस्त्याच्या गोष्टी करायचे. मला अर्धं कळायचं. आमच्या संसारातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती. मी हे आज म्हणतेय असं नाही, तेव्हाही म्हणत होते. हे शेडमधून येताना रोज माझ्यासाठी काहीतरी आणत, आंबा नाहीतर भाजलेल्या शेंगा. पन्नाशीनंतर मला नवऱ्याची सवय होत होती.

मग रस्ते बिघडले. उत्तरेकडे बंदुका चालतात हे तिथे सगळ्यांना ठाऊकच होतं. आता बंदराकडून येणाऱ्या रस्त्यावरही ट्रक अडवायला लागले. कुठे लुटायचे, कुठे पेटवून द्यायचे. ट्रक एकटे निघेनात. बरेच जमेपर्यंत थांबायचं, मग पुढे-मागे सैनिकांच्या गाड्या घेऊन निघायचं. तेवढ्यात डिझेल मिळेनासं झालं. पूर्वी आठवड्याला येणारा माल महिन्याने यायला लागला.

शेडमधल्या बायका आळीपाळीने कामावर यायच्या. यंत्र दिवसच्या दिवस उभं असायचं आणि हे रोज जाऊन ते पुसायचे, तेल घालायचे. गल्लीत लोक त्याच पानांचा चौथा, पाचवा चहा काढायला लागले; पाण्याला फक्त रंग यायचा. काही घरांत रानातल्या एका झुडपाची पानं उकळून पीत. ड्रायव्हरने एकदा तसा पेला ह्यांच्या पुढे केला आणि म्हणाला, "पी. हा मी आणला नाही, बायकोने आणलाय." हसले दोघं, पण तो पेला कोणी संपवला नाही. त्यानंतर ड्रायव्हरने सांगून टाकलं, की रस्ता सुधारेपर्यंत तो जाणार नाही. त्याच्या पुढच्याच ट्रकची काच फुटलेली त्याने पाहिली होती.

रमजान जवळ आला. दिवसभराचा उपास सोडल्यावर तिथे माणसाला आधी चहा लागतो. गोदामात झाडून गोळा करण्याइतकाच चहा उरला होता आणि बंदरात आमची खोकी उतरून पडली होती. शेठ ह्यांना म्हणाला, एखादा ड्रायव्हर बघा. कोणीच तयार नव्हतं. त्या संध्याकाळी हे मला म्हणाले, "चाल, त्याच्याकडं जाऊ."

आम्ही चटईवर बसलो. किटली नव्हती. हे बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. ड्रायव्हरची बायको तांदूळ निवडत होती, तिचे हात मध्येच थांबले.

"कशाला आलास ते बोल," ड्रायव्हर म्हणाला.

ह्यांनी सांगितलं.

"तो जाणार नाही," बायको म्हणाली.

ड्रायव्हर तिच्याकडे न बघता म्हणाला, "उपास सोडायला लोक काय पितील? गरम पाणी?"

"रस्ता चांगला असेल तरच जा," हे म्हणाले. "माझा आग्रह नाही."

"रस्ता चांगला असता तर तू आला असतास का?" तो हसला, त्याचं सगळं अंग हललं. "बघतो. सकाळी सांगतो."

सकाळी त्याने सांगितलं नाही, तो निघूनच गेला. हे शेडवर पोचले तेव्हा ट्रक जागेवर नव्हता.

बंदरावरून त्याचा फोन आला, माल चढवला म्हणून. मग सीमेवरून आला, की रांग फार मोठी आहे, माणसं ट्रकखाली झोपलीत. त्यानंतर फोन आला नाही. रमजान सुरू झाला. हे शेडच्या दारात उभे राहायचे आणि रस्त्याला कोणताही ट्रक वळला की पुढे व्हायचे. मी म्हणायची, "रांग असेल. फोनची बॅटरी संपली असेल." हे मान हलवायचे.

त्याच्यामागे असलेल्या ट्रकचा एक माणूस कसाबसा परत आला, त्याने बातमी आणली. पुढचे काही ट्रक पेटवले होते, त्यात आमचा होता. तो गोळीने गेला की आगीने, हे त्या माणसाने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. जवळच्या खेड्यातल्या लोकांनी त्याला तिथेच रस्त्याकडेला माती दिली. चहा मात्र दोन दिवस धुमसत होता, असं तो म्हणाला. वारा फिरला की वास खेड्यापर्यंत यायचा.

आम्ही त्याच्या घरी गेलो. अंगणात पुरुष बसले होते, आत बायका. हे निंबाच्या खोडाला टेकून उभे राहिले. मी आत जाऊन तिच्याजवळ बसले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने विचारलं, "तो कुठाय?" मी बाहेर बोट केलं. ती उठली, तशीच दारात आली.

"आत ये," ती ह्यांना म्हणाली. "तू असा लांब उभा राहिलास तर लोकांना वाटेल तूच मारलंस."

हे आत आले आणि तिच्या पायांशी बसून रडले. माय गेल्यावरही मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तिने पाण्याचा वाडगा ह्यांच्यापुढे ठेवला आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसली.

ईदच्या सुमारास थोडा चहा आला, दक्षिणेकडून, दुसऱ्याच बंदरातून फिरून. शेठने सांगितलं, सगळ्यांना मिळायला हवा, पुडी आणखी लहान करा. हे यंत्राजवळ गेले, हातात पाना घेतला आणि तसेच उभे राहिले. मग पाना खाली ठेवून मला म्हणाले, "मले नाई होत." तो बोल्ट त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी फिरवला. पावसाळा लागायच्या आत आम्ही अकोल्याला परतलो.

घर तेच होतं. हे गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. चहा त्यांनी सोडला. आपला दुधाचासुद्धा. अकोटहून जिनिंगमधले जुने सोबती यायचे, "सांगा ना राजे हो आफ्रिकेच्या गोष्टी" म्हणायचे. हे म्हणायचे, "काय सांगू? ऊन सेम हाय." एवढंच. लोक हळूहळू यायचे थांबले. मी पातूरला लेणी बघायला जाऊ म्हटलं, शेतावर जाऊ म्हटलं. हो म्हणायचे आणि त्या दिवशी उठायचेच नाहीत.

ड्रायव्हरच्या बायकोचा फोन दर शुक्रवारी यायचा. ह्यांना रिंग ओळखू यायची, ते उठून आत जायचे. मीच बोलायची. तिथली रीत अशी की आधी घरातल्या एकेकाची विचारपूस करायची, नवरा कसा, भाऊ कसा, शेजारी कसे, आणि प्रत्येकाला उत्तर एकच द्यायचं: शांती आहे. ती विचारायची, मी म्हणायची शांती आहे. मग मी विचारायची, तीही तेच म्हणायची. त्यापुढे बोलायला माझ्याकडे तिच्या भाषेतले शब्द नव्हते.

तिचे शोकाचे महिने संपले आणि ती शेडवर परत जायला लागली. एका शुक्रवारी मी तुरीच्या शेंगा सोलत होते, तिचा फोन आला. मागे यंत्राचा खडखडाट. तिला मला काहीतरी सांगायचं होतं, मला कळत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा "यंत्र, यंत्र" म्हणत होती. हे आत जायला उठले होते, ते दारातच थांबले. परत आले आणि माझ्या हातातून फोन घेतला.

तिने फोन यंत्राजवळ धरला असावा. हे डोळे मिटून ऐकत उभे राहिले. मग तिच्या भाषेत बोलायला लागले. डावीकडचा पट्टा सैल झालाय, नव्या माणसाला सांग आधी खालचा नट काढ, जोर लावू नकोस. पुन्हा ऐकलं. पुन्हा सांगितलं. बऱ्याच वेळाने तो खडखडाट थांबला आणि एकसारखी खट्‌खट् यायला लागली, ती मलाही ऐकू आली. हे "हां" म्हणाले. मी शेंगांचं टोपलं घेऊन स्वयंपाकघरात गेले, कारण मला आवरत नव्हतं.

तेव्हापासून शुक्रवारचा फोन हे घ्यायचे. चहा किती आला, कोणत्या रस्त्याने आला, पुडी केवढी आहे, सगळं ती सांगायची. काही महिने काहीच यायचं नाही, मग एकदम दोन ट्रक यायचे. एकदा बोलता बोलता हे अडखळले आणि त्यांनी जे आत साठवलं होतं ते बोलून टाकलं. फोन ठेवल्यावर मला सांगितलं.

"मी तिले म्हनलं, मी तुमच्या दारात आलो नसतो त तो गेला नसता."

"काय म्हणाली?"

"म्हनली, तू नसता आला त दुसरा कोनी आला असता, त्याले बी तो हो म्हनला असता." हे थांबले. "मंग म्हनली, पन आला तूच. ते मी इसरत नाई. तरी फोन करत जाईन."

मला वाटलं ह्यांना लागलं असेल. पण त्या दिवशी ते जेवले. बऱ्याच दिवसांनी भाकरी मागून घेतली. तिने खोटं समाधान केलं असतं तर ह्यांना ते टोचत राहिलं असतं, हे मला नंतर उमजलं.

त्यानंतर ह्यांना एकच हिवाळा मिळाला. छातीत कळ यायला लागली. अकोल्याच्या डॉक्टरांनी अमरावतीला न्यायला सांगितलं, तिथे माझा भाऊ होता. दवाखान्यात शुद्धीवर असायचे तेव्हा फार बोलत नसत. एका दुपारी मी पाय दाबत बसले होते. डोळे उघडून म्हणाले, "माय विचारायची ना वं, बोट आली काय?" मी म्हटलं, हो. "मी कधी कधी खोटंच सांगत होतो. नसली आली तरी आली म्हनायचो." मग हसले थोडेसे. दोन दिवसांनी गेले.

मी तिला फोन केला. विचारपूस सुरू झाली, तिने नेहमीप्रमाणे नवरा कसा म्हणून विचारलं, आणि मला शांती आहे म्हणता येईना. ती समजली. मग फोनवर तिचं रडणं ऐकू आलं, तिच्या मागे आणखी बायकांचं. तिच्या नवऱ्यासाठी तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती दोघांसाठी रडली असेल.

काही महिन्यांनी तिने सांगितलं, मुलाने गॅरेज सोडलं आणि ट्रक घेतला. बापाच्याच रस्त्याला जातोय. चहा आणायला.

मी म्हटलं, "नको. त्याला सांग, नको."

"सांगितलं," ती म्हणाली. "म्हणतो, बाजारात पुडी मिळत नाही, लोक मला विचारतात. कोणीतरी आणायलाच हवा ना."

तो पहिल्यांदा गेला तेव्हा मी देवापुढे दिवा लावला आणि फोन जवळ घेऊन बसले. स्वयंपाक केला नाही. तो पोचला. तिने फोन त्याच्या हातात दिला, आणि तो बोलला. आवाज अगदी बापाचा, तसाच जाड, तसाच शब्द ओढून बोलणारा. काकी, माल उतरवला, म्हणाला. तुमच्यासाठी थोडा पाठवू का?

मी म्हटलं, "नको बाबा, काही पाठवू नकोस. पोचलास की फोन तेवढा करत जा."

"हो काकी," तो म्हणाला.

कधी करतो, कधी विसरतो. विसरला की मी शुक्रवारची वाट बघते. तो घरी आहे की रस्त्यावर, हे तिला विचारावं लागत नाही. तिच्या पहिल्या शब्दाच्या सुरावरूनच कळतं.